गाताना दम पुरत नाही? मग आधी श्वास थोडा कमी घ्या

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात एक तक्रार हमखास कानावर येते, "आरती म्हणताना मधेच दम जातो रे, काय करू?" भजनी मंडळात नवीन आलेली मुलं विचारतात, जत्रेच्या नाटकात पहिल्यांदा गाणारी भूमिका मिळालेले विचारतात, चाळिशीनंतर हौसेनं क्लासला जायला लागलेल्या बायका तर पहिल्याच आठवड्यात विचारतात. आणि सगळ्यांना मिळणारं उत्तरही ठरलेलं, "पोटातून श्वास घे". झालं. आता पोटातून म्हणजे नेमकं कुठून आणि घेतल्यावर त्याचं करायचं काय हे कोणी सांगत नाही, मग माणूस पोट फुगवून फुगवून दाखवतो आणि तिसऱ्या ओळीला परत तेच.

माझं मत विचाराल तर बहुतेकांना हवा कमी पडतच नाही, हवा वाया जाते. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यात श्वास घ्यायचं थोडं आहे आणि सोडायचं जास्त आहे.

आधी थोडा हिशोब बघा, मग पटेल. आपण शांत बसलेलो असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर होते. पूर्ण भरून पूर्ण सोडली तर मोठ्या माणसाची ३ ते ५ लिटर, म्हणजे वय, उंची, बाई की पुरुष त्यावर आहे ते. आणि नीट लागलेल्या आवाजाला सेकंदाला लागते साधारण १०० ते २०० मिलिलिटर. आता ३ लिटर हवा सेकंदाला १५० ने खर्च केली तर २० सेकंद झाले ना. तीनतालाचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, १६ मात्रांचं असतं, ६० च्या लयीत (मिनिटाला ६० मात्रा) ते १६ सेकंदांत संपतं. म्हणजे अख्खं आवर्तन एका दमात म्हणण्याएवढा माल बहुतेकांच्या खिशात आहे, आणि आरतीची ओळ तर त्याच्या निम्मीही नसते! विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालात मात्रा बारा, एकेक मात्रा चार सेकंदांची ठेवली तर आवर्तन ४८ सेकंदांचं होतं, ते कोणी एका श्वासात गात नाही, मोठे गवय्येही मधे श्वास घेतात, फक्त ते आपल्याला कळू देत नाहीत.

मग हवा जाते कुठे? ओळ सुरू करताना पहिल्या अर्ध्या सेकंदात फस्सकन बरीच जाते, ही एक गळती. दुसरी म्हणजे आवाजाच्या पट्ट्या (घशातल्या व्होकल कॉर्ड्स) नीट जुळत नाहीत त्यामुळे सुराबरोबर नुसता वारा येत राहतो, काहींना तो आवाज "सॉफ्ट" वाटतो आणि ते मुद्दाम तसं गातात, गा, पण मग दम पुरत नाही म्हणून रडू नका. तिसरी ओरडण्याची, तिच्याबद्दल पुढे चवथीच्या निमित्ताने बोलूच.

आणि एक उलटी गोष्ट आहे जी नवीन माणसाला पटत नाही. छाती काठोकाठ भरली की ती आपणहून मिटायला बघते, हवा जोरात बाहेर यायला लागते, आणि ती अडवायला मग गळाच आवळावा लागतो. मानेच्या शिरा फुगतात, सूर चढतो, चेहरा लाल. म्हणून म्हणतो पाऊण भरा, लांब ओळ असेल तरच जास्त. चार शब्दांच्या ओळीला चार शब्दांपुरता श्वास.

आत काय चालतं

छाती आणि पोटाच्या मधे डायफ्रॅम म्हणून घुमटाकार स्नायू असतो, मराठी पुस्तकांत त्याला श्वासपटल म्हणतात. पुढून तो छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाला, बाजूंनी खालच्या बरगड्यांना आणि मागून कमरेच्या मणक्यांना चिकटलेला असतो. श्वास घेताना तो आवळतो आणि खाली सरकतो, फुप्फुसांना जागा होते, हवा आत येते, आणि खालची जठर-आतडी दाबली गेल्यामुळे पोट पुढे येतं. म्हणजे पोट पुढे येणं हा परिणाम आहे, हवा काही पोटात जात नाही. नुसतं पोट पुढे ढकललं म्हणून हवा आलीच असं नाही, ती ॲक्टिंग झाली.

आणि हे लक्षात ठेवा की हा स्नायू मुख्यतः श्वास घेतानाचा. सोडताना तो सैल होत वर जातो, त्यामुळे "डायफ्रॅमने आवाज ढकल" असं कोणी सांगितलं तर मान हलवा आणि सोडून द्या. सोडताना काम करतात ते बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायू. बरगड्यांमधले बाहेरच्या बाजूचे स्नायू छाती थोडा वेळ उघडी धरून ठेवतात, हवा कमी होत आली की पोटाचे स्नायू सावकाश आत येत राहिलेली वर पाठवतात. चांगला पेटीवाला भाता कसा मारतो ते जवळून बघा, धाडधाड नाही मारत, हात सतत थोडा थोडा चालू असतो आणि त्यामुळे दोन भात्यांच्या मधे सूर हलत नाही. आपल्याला हेच करायचंय, फक्त हाताऐवजी बरगड्या आणि पोट.

गोव्यात आपली एक सोय आहे, गावात एका बाजूला देवळात भजन चालतं आणि दुसऱ्या बाजूला इगर्जीत (चर्चमधे) कोयर, म्हणजे तिथला समूहगान करणारा गट. कोयरमधे गाणारा एखादा मित्र असेलच, त्याला विचारा. इटालियन गायकीतून आलेली शिकवण अशी की ओळ संपेपर्यंत बरगड्या मिटू द्यायच्या नाहीत. आणि आपले गुरुजी काय सांगतात, "छाती पाडू नको". दोघं एकच सांगतायत, भांडू नका.

सुरुवात झोपूनच

उभं राहून सुरुवात केली की खांदे वर जातात म्हणून आधी झोपायचं. चटईवर पाठीवर पडा, गुडघे मोडून तळवे जमिनीला, पोटावर एखादं जाड पुस्तक ठेवा, एक हात छातीवर. तोंड बंद करून नाकाने सावकाश श्वास. पुस्तक वर जायला हवं, छातीवरचा हात जवळजवळ जागेवर. पाच मिनिटं पुरे. पुस्तक उचलायला जोर लावू नका, ते आपोआप उचललं जाईपर्यंत थांबा.

मग पालथे व्हा, मकरासनात झोपतात तसे, कपाळाखाली हात. आता पोटाला पुढे जायला जागाच नाही त्यामुळे श्वास घेताना कंबर आणि पाठीचा खालचा भाग वर येताना कळेल. हे बऱ्याच लोकांना नवीन असतं, वर्षानुवर्षं गाणाऱ्यांनाही, कारण सगळं लक्ष पुढच्या बाजूला असतं आणि पाठीमागेही फुप्फुसं आहेत हे विसरायला होतं.

हे दोन्ही जमलं की उभं राहा. दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर असे ठेवा की अंगठे पाठीकडे आणि बोटं पोटाकडे, दोन्ही हातांची मधली बोटं एकमेकांना जेमतेम लागलेली. श्वास आत आला की ती बोटं एकमेकांपासून सुटतात. आरशात खांद्यांवर नजर ठेवा, ते हलले की परत झोपा, त्यात कसली लाज. आता खरी गंमत सोडताना आहे, श्वास सोडायला लागलात की बोटं लगेच परत जुळायला धावतात. ती धावू द्यायची नाहीत. पहिली तीन-चार सेकंदं ती लांबच राहिली पाहिजेत आणि मग हळूहळू जवळ. हे एवढं जमलं ना की निम्मं काम झालं.

सोडायचा रियाज

मोबाईलवर तबल्याचं किंवा मेट्रोनोमचं ॲप ६० वर लावा. ४ मात्रांत पाऊण श्वास घ्या, एक मात्रा थांबा, आणि मग दातांमधून "स्स्स्स" करत १२ मात्रा सोडा. थांबताना गळा बंद करून थांबायचं नाही. बंद केलाय की नाही ते कसं ओळखायचं, तर सोडायच्या क्षणी गळ्यात बारीक "टक्" असा आवाज आला तर बंद केला होता. बरगड्यांनी थांबवायचं, गळ्याने नाही.

१२ आरामात झाल्या की १६, मग २०, मग २४. घाई नको, आठवड्याला एक पायरी चढलात तरी खूप. आकडा मोठा करण्यापेक्षा सरळ ठेवणं महत्त्वाचं आणि ते तपासायला एक सोपा उपाय आहे, मोबाईलच्या रेकॉर्डरमधे ती "स्स्स" रेकॉर्ड करा आणि स्क्रीनवर जी पट्टी उमटते ती बघा. बहुतेकांची सुरुवातीला जाडजूड आणि शेवटाकडे उंदराच्या शेपटीएवढी होते. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची यायला हवी. ३० सेकंदांची शेपटी असण्यापेक्षा १५ सेकंदांची सरळ पट्टी केव्हाही चांगली. मुलांना हे भयंकर आवडतं, मोबाईल हातात मिळतो ना.

आता त्यात आवाज घालायचा. आधी "स्स्स" किती सेकंद जाते ते मोजा, मग गजलमधला जो "ज़" आहे तो "ज़्ज़्ज़" असा धरून मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. "स्स्स" २० सेकंद आणि "ज़्ज़्ज़" १३ च, असं कायम होत असेल तर हवा आहे पण आवाजाच्या पट्ट्यांमधून गळतेय असा संशय घ्यायचा. डॉक्टर आणि स्पीच थेरपिस्टही ही तपासणी करतात, पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून १.४ च्या वर गेलं की ते पुढे बघतात. घरी केलेल्या एका दिवसाच्या मोजणीवरून घाबरायचं नाही, सर्दी असली तरी आकडे बदलतात.

ही गळती कमी करायला दोन प्रकार छान आहेत. एक, ओठ सैल ठेवून "ब्र्र्र्र" करत सूर धरायचा, लहान मुलं गाडी चालवताना करतात तसा, आणि त्यातच सा ते प आणि परत. हवा कमी-जास्त झाली की ओठ लगेच थांबतात, त्यामुळे फसवता येत नाही. दुसरा, ग्लासात पाणी घेऊन शहाळ्याचा जाड स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचा आणि त्यातून "ऊ" म्हणत बुडबुडे काढायचे, बुडबुडे एकसारखे आले म्हणजे हवा एकसारखी जातेय. घरातले हसतात, हसू दे. आवाज बसल्यासारखा वाटत असेल त्या दिवशीही हे करता येतं कारण समोरून पाण्याचा थोडा उलट दाब येतो आणि पट्ट्यांना एकमेकींवर आपटावं लागत नाही.

मग तानपुरा लावा आणि सा. पुरुषांचा साधारण काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी), बायकांचा काळी चार किंवा पाच, तुमचा जो असेल तो. काळी एकच्या खालच्या सा ला पट्ट्या सेकंदाला जवळजवळ १३९ वेळा उघड-मीट करतात, बायकांच्या काळी चारला २०८ च्या आसपास, आणि प्रत्येक मिटण्यात हवा तोडली जाते, त्यामुळे मिटणं जेवढं स्वच्छ तेवढी हवा कमी लागणार. "आ" लावताना आधी "ह" येतोय का ऐका, "हाऽ" असा लागत असेल तर तिथेच गळती. आणि उलट टोकाला जाऊन "आ" गळ्यात ठोकूनही लावायचा नाही. मधला रस्ता म्हणजे "म्" ने गुणगुणायला सुरुवात करून तोंड उघडत "म्ऽआऽ" करायचं, आवाज आणि हवा एकदमच निघतात.

पलटे, म्हणजे सुरांच्या ठरलेल्या छोट्या रचना, करताना लोक एक चूक सर्रास करतात, दमसास (दम टिकवायची ताकद) वाढवायचा म्हणून लय कमी कमी करत जातात आणि प्रत्येक पलट्याच्या शेवटी चेहरा निळा होईपर्यंत ताणतात. लय तीच ठेवा. सारेगम, रेगमप, गमपध असे एका श्वासात एक, मग एका श्वासात दोन, मग तीन. आणि अजून थोडी हवा शिल्लक आहे असं वाटतानाच थांबा. रिकामं होईपर्यंत गायलात की पुढचा श्वास धापा टाकत घेतला जातो आणि त्याच्या पुढची ओळ तिथेच बिघडते. तसंही फुप्फुसं कधीच पूर्ण रिकामी होत नाहीत, कितीही जोर लावला तरी लिटरभर हवा आत राहतेच, ती बाहेर काढायचा हट्ट कशाला.

कपालभातीबद्दल सारखं विचारतात. चांगली आहे ती, पण तिच्यात श्वास झटक्याने बाहेर टाकायचा असतो आणि गाण्यात नेमकं उलट हवंय. सकाळी वेगळी करा, गाण्याच्या आधी नको, आणि बीपी, हार्टचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर मुळीच नको. गाण्याआधी करायचंच असेल तर भ्रामरी करा, भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा तो प्राणायाम.

बसायचं कसं

ह्याकडे कोणाचं लक्ष नसतं. भजनाला आपण मांडी घालून सतरंजीवर बसतो, कंबर मागे वाकते, पोटाची घडी होते आणि श्वासपटलाला खाली यायला जागाच उरत नाही. उपाय एकदम साधा, बुडाखाली टॉवेलची घडी किंवा छोटी उशी घ्या म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली येतील आणि पाठ आपोआप सरळ होईल. पेटी वाजवत स्वतः गाणाऱ्यांचे जास्त हाल, डावा हात भात्यावर, अंग पुढे झुकलेलं, डावीकडच्या बरगड्या दाबलेल्या, आणि मान वर करून माईकमधे गायचं. पेटी थोडी जवळ ओढा आणि विटेवर किंवा पाटावर ठेवून उंच करा, माईक तोंडापाशी आणा, तोंड माईकपाशी नेऊ नका.

नाटकवाल्यांसाठी वेगळं. जत्रेच्या नाटकात गाणारा नट शेला, कमरपट्टा आणि काय काय घट्ट आवळून उभा असतो. ड्रेपरीवाल्याला सांगा, "दादा, श्वास भरलेला असताना बांधा." रिकाम्या पोटावर बांधलं की पहिल्या पदालाच कळतं.

श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ह्याला दम वाढवायची गरजच नाही, फक्त पेन्सिल लागते. वहीत ओळ लिहा आणि जिथे श्वास घेणार तिथे छोटी तिरकी रेघ मारा. अर्थ जिथे थांबतो तिथे थांबायचं, शब्दाच्या मधे कधीच नाही. "पांडु" म्हणून श्वास आणि मग "रंग", हे ऐकलंय ना? सगळीकडे ऐकू येतं. कारण काय, तर ओळ सुरू करताना श्वास घेतलाच नव्हता, जे होतं त्यावर सुरू केलं आणि संपलं तिथे घेतला.

मात्राही ठरवा. समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी एक-दोन मात्रा मोकळ्या मिळत असतील तर तिथे भरून घ्या, समेवर पोचल्यावर दम नाही असं व्हायला नको. तान घ्यायची असेल तर तिच्या आधीचा शब्द थोडा आखूड सोडून श्वास काढता येतो, ऐकणाऱ्याला ते लयीशी खेळल्यासारखं वाटतं.

आपल्या भाषेत ह, ख, घ, फ, भ असली हवा खाणारी अक्षरं भरपूर आणि भजनात तर ती जागोजागी. "हरी" म्हणताना "ह" वर केवढी हवा जाते ते बघायचं असेल तर तोंडासमोर तळहात धरून एकदा नेहमीसारखं "हरी" म्हणा आणि एकदा "ह" अगदी हलका, जेमतेम लावून "अ" वर पटकन सरकत म्हणा. तळहाताला फरक कळतो. ओळीत असे तीन-चार शब्द असतील तर शेवटच्या सुरासाठी बरीच हवा वाचते. अक्षर गिळायचं नाही हां, ऐकू आलंच पाहिजे, फक्त त्यावर हवेची उधळण नको.

आणि श्वास घेताना आवाज होऊ देऊ नका. "हाऽऽ" असा आवाज येतो म्हणजे गळा आवळलेला आहे आणि हवा घासून जातेय, आजकालचे माईक ते सगळं पकडतात. युक्ती अशी की ओळ संपली की श्वास "घ्यायचा" नाही, पोट फक्त सैल सोडायचं. गाताना ते आत आलेलं असतं, सोडलं की जागेवर जातं आणि हवा आपणहून आत पडते. वेळ कमी असेल तेव्हा नाक-तोंड दोन्हीतून घेतला तरी चालतं, नाकानेच घ्यायचा हा नियम रियाजासाठी, स्टेजवर अर्ध्या मात्रेत नाकाने कितीसा येणार. "स्स्" असे छोटे छोटे चार झटके द्या आणि प्रत्येक झटक्यानंतर पोट सोडा, दहा-बारा वेळा, ह्याने ती सवय लवकर लागते.

ऐकताना हे शोधायला शिका. केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या, १८९२ सालचा जन्म, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची, नेटवर सहज मिळते. कागद घेऊन बसा आणि त्या कुठे कुठे श्वास घेतात तिथे खूण करा. पहिल्या वेळी बऱ्याच जागा सुटतातच, परत ऐका. तशाच मोगूबाई कुर्डीकर, ज्यांचं कुर्डी गाव पुढे साळावलीच्या धरणात गेलं. दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या, आणि ह्या घराण्याच्या आकारातल्या ("आ" वर घेतलेल्या) लांबलचक वळणांच्या ताना म्हणजे दमसासाची परीक्षाच. त्या तानांची नक्कल करायला जाऊ नका लगेच, श्वासाच्या जागा चोरा फक्त. एवढं मोठं धन आपल्याच मातीतलं आणि आपण यूट्यूबवर परदेशी कोचचे ब्रीदिंगचे व्हिडिओ बघतो, असो.

चवथीचे दिवस

आता ती ओरडण्याची गळती. चवथीला बाजूला घुमटं, शामेळ ही चामड्याची वाद्यं आणि कांसाळं (मोठे टाळ) वाजत असतात, छोट्या खोलीत पंधरा माणसं, आणि आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस आपोआप ओरडायला लागतो, हे सगळ्यांचंच होतं. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून अजून जोर, अजून हवा, आणि तिसऱ्या घरी पोचेपर्यंत घसा संपला. एका कानामागे पंजा धरून गायलं तर स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि जोर आपोआप कमी होतो, जुनी माणसं कानाला हात लावतात ते उगाच नाही. घुमटाच्या अगदी तोंडासमोर बसू नका, वाजवणाऱ्याच्या मागे किंवा बाजूला सरका.

कोरसमधे सगळ्यांनी एकाच जागी श्वास घ्यायची गरज नाही. कोयरवाले हे ठरवून करतात, शेजारचा श्वास घेतो तेव्हा आपण धरून ठेवायचं आणि त्याने धरलं की आपण घ्यायचा, बाहेर ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते. भजनी मंडळात दोघा-दोघांच्या जोड्या लावून हे ठरवलं तर एका तालमीत जमतं. वास्कोच्या सप्ताहासारखं रात्रंदिवस अखंड भजन असेल तर सगळा भार एकट्याने घ्यायचाच नाही, पाळी संपली की गप्प बसायचं, बाहेर जाऊन मोठमोठ्याने गप्पा हाणायच्या नाहीत, त्यानेही घसा तेवढाच दमतो.

कापूर, धूप आणि फटाक्यांचा धूर हे तिन्ही श्वासाचे वैरी. आरतीचं तबक तोंडासमोरून फिरत असताना मोठा श्वास घ्यायची जागा आली तर एक ओळ सोडून द्या सरळ, देव रागावत नाही. पावसात आपल्याकडे हवा कोरडी नसते त्यामुळे घसा सुकायची भीती कमी, पण भिंतींना बुरशी येते आणि बंद ठेवलेल्या सतरंज्या एकदम झटकल्या की शिंका सुरू. त्या आदल्या दिवशी बाहेर काढून ठेवा.

जेवणाचं म्हणाल तर खतखतें, पातोळ्यो आणि वर दोन वाट्या पायस झाल्यावर श्वासपटल खाली जाणार कुठे? गाण्याआधी दीड-दोन तास तरी जड नको, पेज चालेल. नाटक संपल्यावर रात्री दोनला शागुती (मसालेदार मटण-कोंबडीचा रस्सा) खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल वर घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज जाड, खरखरीत लागतो, मग लोक म्हणतात जागरणाने घसा बसला. जागरण आहेच पण ती शागुतीही आहे. आणि "थोडी फेणी घेतली की आवाज मोकळा होतो" म्हणणारे काका प्रत्येक गावात असतात, मोकळं काही होत नाही, घसा दुखतोय ते कळेनासं होतं एवढंच.

पाण्याचं म्हणजे, प्यालेलं पाणी आवाजाच्या पट्ट्यांवरून जात नाही, ते अन्ननलिकेतून जातं, त्यामुळे स्टेजवर चढताना अर्धी बाटली ढोसून उपयोग नाही, दिवसभर पीत राहा. वाफ मात्र थेट पोचते.

थोडं तब्येतीचं

सराव करताना चक्कर आली, बोटांना मुंग्या आल्या तर थांबा, जास्त श्वासोच्छ्वास झाला, शांत बसलं की जातं. दमा असला तरी गाता येतं, पंप बंद करायचा नाही, पण स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून गुळण्या करा कारण त्याने काहींचा आवाज घोगरा होतो. वय वाढलं की बरगड्या थोड्या ताठर होतात, मंडळातल्या साठीच्या बुवांनी विशीतल्या पोराएवढी ओळ धरायचा अट्टहास करू नये, एक तिरकी रेघ जास्त मारावी.

साधा "आ" आरामात धरून १० सेकंदही जात नसेल, किंवा सर्दी-खोकला नसताना आवाज तीन आठवड्यांच्या वर घोगराच राहिला, तर श्वासाचे व्यायाम वाढवत बसू नका, ईएनटीवाल्याला दाखवा, बारीक कॅमेरा घालून पट्ट्या बघतात ते, पाच-दहा मिनिटांचं काम असतं. आणि जाताना "स्स्स" आणि "ज़्ज़्ज़" चे चार-पाच दिवसांचे आकडे लिहून न्या, डॉक्टरला सांगायला बरं पडतं.